विमा मागितला म्हणून गद्दार?

आज संध्याकाळी पेठेत कट्ट्यावर बसलो होतो. शेजारच्या पोराच्या मोबाईलवर रेनाटो तापियाचं रील चाललेलं. पेरूचा फुटबॉलपटू, डिफेन्सिव्ह मिडफिल्डर, म्हणजे मधल्या पट्टीत समोरच्यांचे हल्ले मोडणारा, आमच्या भाषेत हाफ. समोरून फॉरवर्ड सुसाट येतोय, हा गडी गवतावर घसरत आडवा जातो, बॉल काढून घेतो, उठतो, शेजारच्याला साधा पास देतो. विषय संपला. मी म्हटलं, "बघ, ह्याला म्हणत्यात हाफ." तर पोरगं म्हणतंय, "ह्यो व्हय? विम्यापायी देशाला टांग मारलेला न्हवं का?"

अर्धा चहा तिथंच ठेवून उठलो. थांबलो असतो तर भांडण झालं असतं, म्हणून इथं लिहितोय.

2024 च्या जूनची गोष्ट. स्पेनच्या सेल्टा व्हिगो क्लबशी त्याचा करार संपत आलेला, नवा क्लब हातात नाही, आणि कोपा अमेरिका, म्हणजे दक्षिण अमेरिकेची मोठी स्पर्धा, तोंडावर. त्यानं पेरूच्या फेडरेशनकडं विमा मागितला. म्हणजे काय, तर मी तुमच्यासाठी पाय घालतो, पाय मोडला तर माझं कोण बघणार? समाधान झालं नाही, गेला नाही. एवढाच गुन्हा. ज्याचा जन्मच 28 जुलैचा, पेरूच्या स्वातंत्र्यदिनाचा, ज्याला लोक 'उद्याचा कॅप्टन' म्हणायचे, तो एका रात्रीत गद्दार!

माझा उजवा गुडघा कसा गेला ते जुन्या मित्रांना माहीत आहे. मीही हाफच. फायनल होती, आडवा गेलो, बॉल मिळाला, आणि मागून 'कट्ट' असा आवाज आला. मला वाटलं कुणाची तरी शिनगार्ड मोडली. गॅलरीत शिट्ट्या चालू होत्या. आमच्या लोकांनी खांद्यावरून बाहेर नेलं, आठवड्यानं घरी येऊन शाल-श्रीफळ दिलं. ऑपरेशनला आईच्या पाटल्या गेल्या.

तर तापिया. लिमाच्या एस्टर ग्रांदे अकॅडमीतून पोरवयात हॉलंडला ट्वेंटे क्लबकडं गेला. 2016 च्या जानेवारीत तिथल्याच फेयेनूर्द क्लबात. 2017 ला फेयेनूर्दनं 18 वर्षांनी लीग जिंकली, त्या संघात हा होता. बराच काळ बाकावर होता, मान्य. मध्ये विलेम टू क्लबकडं उसना पण दिला. रडत बसला नाही. 2020 ला स्पेनमध्ये सेल्टाकडं आला आणि चार सीझन मधली पट्टी झाडत राहिला. झाडत हाच शब्द बरोबर आहे. दुसऱ्यांनी केलेला कचरा गोळा करायचा, आणि एखादा राहून गेला की शिव्या आपल्याला.

पेरू 36 वर्षांनी वर्ल्ड कपला गेला, 2018 ला रशियात. हा होता. 2019 ला माराकाना मैदानावर ब्राझीलशी कोपाची फायनल, 3-1 नं हरले, पण तिथवर पोचणाऱ्या संघाच्या मध्यात हाच होता. 2022 च्या जूनमध्ये कतारमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध प्लेऑफ, जिंकेल तो वर्ल्ड कपला. मॅच पेनल्टीवर गेली. त्यांचा गोलकीपर रेडमेन लाईनवर माकडासारखा नाचत होता आठवतं? त्याच्यासमोर तापियानं आपली पेनल्टी घातली. पेरू हरला, वर्ल्ड कप हुकला. तेव्हा गोल न चुकवणाऱ्याची आठवण कुणी काढली? लक्षात काय राहिलं, तर विमा!

हां, ऐन स्पर्धेच्या तोंडावर नाही म्हटलं, हे जरा चुकलंच. कोचची पंचाईत झाली. आणि कार्डं पण खातो, तेही खरं.

पण पुढं काय झालं बघा की. त्याच्याविना पेरू त्या कोपात तीन मॅच खेळला. चिलीशी 0-0, कॅनडाशी 0-1, अर्जेंटिनाशी 0-2. एक गोल नाही. एकटा तापिया असता तर जिंकले असते असं म्हणायला मी खुळा नाही. गोल घालणं त्याचं कामही नव्हे. पण खापर फोडायला डोकं कुणाचं मिळालं? जो नव्हता त्याचं!

आणि तो पुन्हा आलाच की. स्पेनच्याच लेगानेस क्लबनं करार दिला, मग देशाची जर्सी पण अंगात घातली. गद्दार असा परत येतो होय?

लिहिता लिहिता जरा थंड झालो. पोरगं सतरा वर्षांचं आहे. त्याला वाटतं गुडघा म्हणजे आयुष्यभराची गॅरंटी. मलाही वाटायचं. फायनलच्या आदल्या दिवशी मला कुणी म्हटलं असतं, "आधी विमा कागदावर घे, मग उतर," तर मीच त्याला भित्रा म्हणून हसलो असतो. उद्या त्याचा चहा माझ्यावर.

त्या श्रीफळाची चटणी आईनं मिळालं त्याच संध्याकाळी केली होती. शाल अजून आहे. इस्त्री करताना टेबलावर अंथरतो.