पक्याला गोदीत घुसायचंय

माझगावच्या कट्ट्यावर काल पक्या पेटला होता. परदेशात पोरं बंद पडलेल्या जहाजबांधणीच्या गोद्यांत घुसून व्हिडिओ काढतात, ते बघून याला खाज सुटलेली. "आपल्याकडे फोर्टात वाडियांची जुनी गोदी आहे. भिंतीवरून उडी मारायची, बस!"

"मार की," सुहास म्हणाला. "पलीकडे नौदल बसलंय. चहा पाजूनच सोडतील."

सुहासचे वडील गोदी कामगार, त्यामुळे या विषयात त्याच्यापुढे कुणाचं चालत नाही. सुरतेहून आलेल्या लवजी वाडियांनी 1750 च्या सुमारास बांधलेली सुकी गोदी पडीक नाहीच मुळी, असं त्याचं म्हणणं. भरतीला जहाज आत घ्यायचं, ओहोटीला पाणी उतरलं की दरवाजा बंद. उरलेलं पाणी उपसलं की जहाज लाकडी ठोकळ्यांवर कोरडं उभं. उधाणाला मुंबईचं पाणी चार-साडेचार मीटर चढतं-उतरतं, म्हणून तर हे जमलं. तिथलं 1817 चं सागवानी जहाज 'त्रिंकोमाली' आजही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगतंय.

"म्हणजे जहाज बघायला व्हिसा, आणि गोदी बघायला पास!" पक्या भडकला. ही तक्रार मला तरी रास्त वाटली. आपल्याच गावातली इतकी जुनी गोदी, आणि आपण बघायची ती नकाशात.

"मग प्रिन्सेस डॉक? व्हिक्टोरिया?" बंड्याने विचारलं.

"त्या मालाच्या गोद्या. शिवाय भराव टाकून बुजवल्या. काय बघणार, माती?"

खरंच पडीक हवी असेल तर विजयदुर्गला चल, मी म्हटलं. वाघोटण खाडीच्या काठी कातळ फोडून केलेली मराठ्यांच्या आरमाराची गोदी आहे, साडेतीनशे फुटांच्या आसपास लांब. आंग्र्यांची, पुढे पेशवाईतली गलबतं तिथे दुरुस्तीला यायची. भिंत नाही, पहारा नाही. फक्त ओहोटीची वेळ आधी विचारून घ्यायची, नाहीतर गुडघाभर चिखल.

पक्याचं तोंड पडलं. "पहारा नाही? मग त्यात थ्रिल काय?"

"कोकणातल्या एसटीत बस," सुहास म्हणाला, "तिथेच मिळेल."

बंड्याने लगेच गणपतीनंतरच्या गाड्या बघायला घेतल्या. पक्या मात्र अजून भिंतीचीच उंची विचारतोय.