गुन्हेगारीशास्त्राच्या पदवीने थेट फौजदारकी मिळत नाही

गुन्हेगारीशास्त्र किंवा गुन्हेगारी मानसशास्त्रात पदवी घेतली की महाराष्ट्र पोलीस अकादमीत उपनिरीक्षक म्हणून थेट प्रवेश मिळतो, हा नाशिकमध्ये फिरणारा संदेश चुकीचा आहे. या पदाच्या सरळसेवेसाठी कोणत्याही शाखेची पदवी चालते. मात्र महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची पूर्व व मुख्य परीक्षा, शारीरिक चाचणी आणि मुलाखत यांतून निवड झाल्यानंतरच उमेदवार प्रशिक्षणासाठी या अकादमीत दाखल होतो. काल गंगापूर रोडवर एक आई, मुलीच्या प्रवेशाच्या पैशांचे पाकीट पदराखाली घट्ट धरून, हेच विचारत होती. म्हणून हा खुलासा. विषय मात्र खरोखर मोलाचा आहे: साक्षीदाराची स्मृती का दगा देते, तुरुंगातून सुटलेला माणूस पुन्हा गुन्ह्याकडे का वळतो, हे त्यात अभ्यासले जाते.