'स्वतःची फसवणूक' या शब्दाबद्दल

नमस्कार. कमी खर्चात घरी काडतुसं भरायला सुरुवात कशी करावी, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं, की रीलोडिंगने, म्हणजे वापरलेली काडतुसं पुन्हा भरून, पैसे वाचत नाहीत, माणूस तेवढ्याच पैशांत जास्त बार उडवतो, 'तेव्हा याला काटकसर म्हणणं ही स्वतःची फसवणूक.' शिवाय माझ्या यादीत कॅलिपर (लांबी-जाडी मोजायचं साधन) नाही, वेळेची किंमत धरलेली नाही आणि मी प्रोग्रेसिव्ह प्रेस (दांडा ओढला की सगळे टप्पे एकदम करणारं काडतुसं भरायचं यंत्र) घ्यायला सांगत नाही.

कॅलिपर राहिला, मान्य. आज घातला.

पण फसवणूक? मतभेद सांगायला हा शब्द लागतो का? अमेरिकेत ओहायोत मी २००९ पासून हे करतोय. सिंगल-स्टेज प्रेस (एका वेळी एकच टप्पा करणारी) आणि दांडीचा काटा, दोन्ही रेंजवरच्या एका वयस्कर गृहस्थांकडून जुने घेतले. .३८ स्पेशल या रिव्हॉल्व्हरच्या काडतुसासाठी कार्बाइड डाय (रिकाम्या पुंगळीला आकार देणारे कठीण साचे) घेतल्या, त्यामुळे पुंगळ्यांना वंगण लावायला लागत नाही. रिव्हॉल्व्हर असल्याने पुंगळ्या गवतात उडून हरवत नाहीत. काडतुसात सगळ्यात महाग पुंगळीच, आणि तीच पुन्हा पुन्हा भरता येते. बंदुकीच्या एका पौंड दारूत ७००० ग्रेन. बाराला ४ ग्रेन धरले तर १७५० बार. भागाकार तुम्हीही करू शकता.

२०२० नंतर दुकानांत प्रायमर (दारू पेटवणाऱ्या छोट्या टोप्या) मिळेनासे झाले, तेव्हा माझ्या कपाटात होते. रेंजवर लोक रिकाम्या हाताने परत जात होते, मी जात नव्हतो. आणि हो, जास्त बार उडतात. पूर्वी शनिवारी ५० उडवायचो, आता त्याच पैशांत १००. आमच्या घरी याला बचतच म्हणतात.

माझे वडील सराफ. तोलताना दुकानातला पंखा बंद करायचे. ग्रेन म्हणजे जेमतेम ६५ मिलिग्रॅम, म्हणून मीही काट्याजवळ पंखा लावत नाही. एवढी दारू .३८च्या पुंगळीत तळाशी बसते. चुकून दुप्पट पडली तरी वरून ओसंडत नाही, म्हणजे चूक सहज दिसत नाही. म्हणून किती दारू घालायची ते सांगणारं मॅन्युअल उघडं ठेवतो आणि गोळी बसवण्याआधी ट्रेमधल्या पन्नासही पुंगळ्यांत बॅटरी मारून बघतो. तासाला पन्नास-साठच होतात. होऊ देत. असं काम करणाऱ्याला फसवा म्हणायच्या आधी थोडा विचार करायला हवा होता.

प्रोग्रेसिव्ह प्रेस ज्याला परवडते त्याने खुशाल घ्यावी. पुढच्या वेळी तुमच्या खर्चाचे आकडे लिहा, मग बोलू. पुन्हा असाच शब्द आला तर मी उत्तर देणार नाही.