पगारवाढ मेलवर मागितली म्हणजे राजीनामा दिला? कोण लिहितं हे!

परवा रात्री साडेदहाला भाचीचा फोन, "मावशी, मी तो मेल डिलीट केला." मेल म्हणजे पगारवाढीचा, जो आम्ही दोघींनी रविवारी जेवणाच्या टेबलावर बसून दोन तास लिहिला होता. का डिलीट केला, तर कॉलेजच्या ग्रुपवर फॉरवर्ड आला, 'पगारवाढ कधीही लेखी मागू नका'. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर, खाली बारा अंगठे. बारा वर्षं पेरोल आणि एचआरचं काम केलंय मी, त्यामुळे गप्प बसवेना.

सगळ्यात भयंकर मुद्दा आधी घेते. म्हणे लेखी मागणी कंपनीने नाकारली की कायद्याने तो राजीनामा धरतात आणि नोटीस न देता काढता येतं. असा कायदा नाही. राजीनामा म्हणजे 'मी नोकरी सोडतेय' असं तुम्ही स्वतःहून सांगणं, आणि पगार वाढवून मागणारा माणूस तर मला इथेच राहायचंय म्हणूनच मागत असतो ना! राजीनामा आला की तो अ‍ॅक्सेप्ट होतो, लास्ट वर्किंग डे ठरतो, हँडओव्हर, मग फुल अँड फायनल, म्हणजे शेवटचा हिशेब. या फाइली मी ढिगाने हाताळल्यात, एकीतही राजीनाम्याच्या जागी पगारवाढीचा मेल लावलेला बघितला नाही. फक्त एक करू नका, 'पगार वाढवला नाही तर एक तारखेपासून येणार नाही' असलं वाक्य रागात लिहून बसू नका, ते मात्र अंगाशी येऊ शकतं. बाकी नुसत्या मागणीला घाबरायचं काय कारण? आणि ही भीती कोणाला बसते, तर तीन-चार वर्षं नोकरी झालेल्या पोरापोरींना, ज्यांनी खरंतर आत्ताच मागायला हवं.

पुढचा मुद्दा, कायदे फक्त कारखान्यातल्या कामगारांना, ऑफिसवाल्यांना नाहीत, आणि 'मुलींनी तर लेखी मागूच नये, अ‍ॅटिट्यूड दिसतो'. हे वाचून डोकंच फिरलं. वेतन संहिता 2019 उघडून बघा, ती 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालीय. त्यातलं कलम 3 सांगतं की एकाच मालकाकडे सारखं किंवा सारख्या स्वरूपाचं काम असेल तर स्त्री-पुरुष म्हणून पगारात भेदभाव करायचा नाही. आणि कर्मचारी कोण, याच्या व्याख्येत क्लार्क, टेक्निकल, सुपरवायझर, अगदी मॅनेजरसुद्धा येतो. याआधी 1976 चा समान वेतन कायदा होताच की, म्हणजे ही गोष्ट काही कालची नाही. आता हे खरं की किमान वेतनाचा भाग सोडला तर कुठलाही कायदा 'पगारवाढ द्याच' असं म्हणत नाही, आणि दोघांच्या पगारात फरक दिसला म्हणजे लगेच भेदभाव झाला असंही नाही, अनुभव, स्किल, जबाबदारी हे सगळं बघतात. पण फरक का आहे हे विचारलेलं कुठेतरी लिहिलेलं असायला नको का? तोंडी विचारलेलं नंतर कोण सिद्ध करणार?

'मेल बघून मॅनेजर चिडतो' यात थोडं तथ्य आहे, तेवढं मान्य करते. काही न बोलता एकदम मेल टाकला, वर एचआरला सीसीत ठेवलं, तर कोणीही चिडेल. मग आधी बोला आणि त्याच दिवशी मेल करा, एवढं साधं आहे. मॅनेजर एकटा ठरवत नसतो हो, त्याला ते वर पाठवायचं असतं, आणि तुमच्या तोंडी बोलण्यातलं वर काय पोचतं? माझ्याच बाबतीत झालंय, 'एप्रिलमध्ये तुझं नक्की बघतो' म्हणणारे साहेब फेब्रुवारीत कंपनी सोडून गेले, नवीन आले ते म्हणाले माझ्याकडे तर काहीच नोंद नाही. वर्ष गेलं माझं.

'फक्त अप्रेझलच्या, म्हणजे वर्षाच्या कामाच्या आढाव्याच्या, मीटिंगमध्येच मागा' हेही चुकीचं. एप्रिल-मार्च असं वर्ष धरणाऱ्या बऱ्याच ठिकाणी तोवर बजेट आणि टक्के ठरून गेलेले असतात. डिसेंबर-जानेवारीत विषय काढा.

घरचे हप्ते सांगून रडा, नाहीतर खोटी ऑफर आहे म्हणा, हे शेवटचे दोन सल्ले. हप्त्यांसाठी इन्क्रिमेंटच्या शीटमध्ये कॉलम नसतो. आणि खोट्या ऑफरवर 'बरं, कॉपी दाखव' म्हटलं की काय दाखवणार?

भाचीचा मेल परत लिहिला. 'शक्य असल्यास थोडा विचार व्हावा' हे तिचं वाक्य काढलं, त्याजागी घातलं की जे टेस्टिंग आधी दोन दिवस चालायचं ते मी पाच तासांवर आणलं, जूनपासून दोन नवीन मुलांना मीच शिकवतेय, आणि 5.4 लाखांवरून 7 लाखांची विनंती. आकडा टाकताना तिचा हात अडखळत होता, म्हटलं टाक. सोमवारी आधी मॅनेजरशी पाच मिनिटं बोलली, मग मेल पाठवला. संध्याकाळी उत्तर आलं, गुरुवारी बसून बोलू. तिला सांगून ठेवलंय, गुरुवारी जे काही ठरेल ते बाहेर आल्या आल्या त्याच मेलखाली लिहून पाठव.