यामाहाने सिक्वेन्शियल मारली? आधी तारखा लावून बघा

सिंथेसायझरवाल्यांमध्ये, म्हणजे विजेवर आवाज घडवणाऱ्या कीबोर्डच्या शौकिनांमध्ये, एक मजकूर वर्षानुवर्षं फिरतो आहे. त्याचा सारांश असा: अमेरिकेतल्या सॅन होजेची सिंथेसायझर बनवणारी सिक्वेन्शियल सर्किट्स कंपनी जोरात चालली होती. स्पर्धक नको म्हणून यामाहाने १९८७ मध्ये ती विकत घेतली, तिचा गाजलेला कीबोर्ड प्रॉफेट-५ बंद केला, इंजिनियर घरी बसवले, सुटे भाग अडवले आणि नाव कुलपात टाकलं. २०२१ मध्ये फोकसराइट या ध्वनियंत्रांच्या कंपनीने सिक्वेन्शियल घेतली तेव्हा तोच खेळ पुन्हा सुरू झाला. यातला एक मुद्दा बऱ्यापैकी खरा आहे. बाकीचे एकेक करून बघू.

"यामाहाने प्रॉफेट-५ बंद केला."

प्रॉफेट-५ आला १९७८ मध्ये आणि त्याचं उत्पादन थांबलं १९८४ मध्ये. यामाहाचा व्यवहार त्यानंतर तीन वर्षांनी झाला. जे मॉडेल मुळात बनतच नव्हतं, ते कोण कसं बंद करणार?

"कंपनी जोरात चालली होती."

१९७९ बद्दल बोलत असाल तर हो. १९८७ बद्दल बोलत असाल तर नाही. प्रॉफेट-५ ची सुरुवातीची किंमत ३,९९५ डॉलर होती आणि त्यात एका वेळी पाच स्वर वाजत. प्रत्येक स्वरासाठी वेगळं अ‍ॅनालॉग सर्किट, म्हणजे दोन ऑसिलेटर (मूळ स्वर निर्माण करणारे), एक फिल्टर (आवाजाचा पोत घडवणारा), दोन एन्व्हलप (आवाज कसा चढतो-उतरतो ते ठरवणारे), आणि हे सगळं माणसाने बसून ट्रिमर, म्हणजे सर्किटवरचे छोटे स्क्रू, फिरवत जुळवायचं. १९८३ मध्ये यामाहाचा डिजिटल सिंथेसायझर डीएक्स-७ आला: १,९९५ डॉलर, सोळा स्वर, सूर सरकण्याची भानगडच नाही. त्याचा आवाज यामाहाने स्वतः बनवलेल्या खास चिपांमधून निघत होता आणि अशा चिपा कारखान्यात ढिगाने छापता येतात. सिक्वेन्शियलच्या प्रॉफेट-६०० ची किंमतही १,९९५ डॉलरच होती, पण तेवढ्यात सहा स्वर मिळायचे. दुकानात दोन्ही शेजारी ठेवल्यावर गिऱ्हाईक काय उचलेल?

पुढे कंपनीने एकाच वेळी भलत्याच आघाड्या उघडल्या. ड्रमट्रॅक्स हे ड्रम मशीन, सिक्स-ट्रॅक हा सिंथेसायझर, कमोडोर-६४ संगणकासाठी सिक्वेन्सर (सुरांचा क्रम नोंदवून वाजवणारा), मग प्रॉफेट-२००० सॅम्पलर (रेकॉर्ड केलेले आवाज वाजवणारा), मग स्टुडिओ ४४०. यातलं बरंचसं उत्तम होतं, पण एवढा पसारा सांभाळायला जो पैसा लागतो तो लहान कंपनीकडे नसतो. यामाहाने सिक्वेन्शियलला हरवलं हे खरंच आहे, पण ते दुकानात. विकत घेतलं तेव्हा कंपनी आधीच बुडाली होती.

"इंजिनियर घरी बसवले."

उलट, मालक डेव्ह स्मिथ आणि त्यांच्या टीममधले काही जण आधी यामाहातच कामाला लागले. १९८९ पर्यंत ही मंडळी कोर्ग या जपानी वाद्यकंपनीच्या कॅलिफोर्नियातल्या संशोधन विभागात गेली, आणि त्या काळात कोर्गचे बरेच शेअर यामाहाकडेच होते. सिक्वेन्शियलच्याच १९८६ च्या प्रॉफेट व्हीएसमध्ये चार ऑसिलेटर चौकटीच्या चार टोकांना आणि मधोमध जॉयस्टिक अशी रचना होती. काठी जिकडे झुकवाल त्या टोकाचा आवाज वाढतो. तीच कल्पना १९९० मध्ये कोर्गच्या वेव्हस्टेशनमध्ये आणि यामाहाच्या एसवाय-२२ मध्ये दिसते. संपवायचंच असतं तर ती जॉयस्टिक स्वतःच्या कीबोर्डवर कशाला बसवली असती?

"सुटे भाग अडवले, म्हणून जुने प्रॉफेट दुरुस्त होत नाहीत."

हा दावा सगळ्यात नुकसानकारक, कारण तो वाचून लोक चांगली यंत्रं धूळ खात ठेवतात. आवाज काढणाऱ्या चिपा सिक्वेन्शियलच्या नव्हत्याच. प्रॉफेट-५ च्या पहिल्या दोन आवृत्त्यांत एसएसएम कंपनीच्या चिपा होत्या, तिसऱ्या आवृत्तीत कर्टिस कंपनीच्या (त्यांच्या क्रमांकाआधी सीईएम असतं). तिसऱ्या आवृत्तीत पाच स्वरांसाठी दहा सीईएम-३३४० ऑसिलेटर, पाच सीईएम-३३२० फिल्टर आणि दहा सीईएम-३३१० एन्व्हलप लागतात. कर्टिसने ३३४० चं उत्पादन २०१६ मध्ये पुन्हा सुरू केलं, आणि लॅटव्हियातल्या रीगा शहरातली अल्फा कंपनी तिन्हींच्या प्रतिकृती बनवते. खरी अडचण पहिल्या दोन आवृत्त्यांची आहे: एसएसएम-२०३० ऑसिलेटर आज शोधून मिळवावा लागतो, शिवाय त्यात तापमानाची भरपाई चिपमध्येच होत नसल्याने सूर जास्त सरकतो. म्हणून विकत घेताना आधी अनुक्रमांक बघा. १८२ पर्यंत पहिली आवृत्ती, साधारण १,३०० पर्यंत दुसरी, त्यापुढे तिसरी.

दुरुस्तीला हात घालण्याआधी एवढं करा. निरनिराळ्या पट्ट्या एकामागून एक दाबत जा; पाच स्वरांची सर्किटं आळीपाळीने वाजतात. दर पाचवा स्वर बिघडलेला निघाला तर एकाच स्वराचं सर्किट गेलं आहे, बाकी यंत्र ठीक आहे. यंत्र बंद करून, प्लग काढून, त्या स्वराची संशयित चिप शेजारच्या स्वराच्या तशाच चिपेशी बदलून बघा. दोष चिपेबरोबर सरकला तर चिप खराब. जागीच राहिला तर बोर्ड बघायचा. आणि पुष्कळदा काहीच खराब नसतं: सॉकेटमधले पाय काळे पडलेले असतात, चिप काढून, साफ करून परत दाबून बसवली की स्वर परत येतो.

सगळेच स्वर बेसूर असतील तर ट्यून बटण दाबा, पण यंत्र नीट तापल्यावर. थंड यंत्र जुळवलं तर थोड्या वेळाने ते पुन्हा सरकणारच, आणि मग दोष चिपांवर येतो. साठवलेले आवाज गायब होत असतील तर सीपीयू बोर्डावरची लिथियम बॅटरी संपत आली आहे. शाबूत असलेले आवाज आधी कॅसेट पोर्टमधून उतरवून घ्या, मगच ती काढा. नवी बॅटरी थेट न झाळता होल्डरमध्ये बसवा आणि सर्किटमधला डायोड शाबूत आहे ना ते तपासा, नाहीतर उलटा प्रवाह शिरून सेल फुगेल.

"फोकसराइटही तेच करणार."

चौथ्या आवृत्तीचा प्रॉफेट-५ २०२० चा, म्हणजे कंपनी विकली जाण्याच्या आधीचा. त्यात एसएसएम वळणाचा आणि कर्टिसचा असे दोन्ही फिल्टर आहेत आणि एका बटणाने बदलतात. जुन्या यंत्रांचा सैलपणा हवा असेल तर व्हिंटेज नॉब ४ कडून १ कडे फिरवा. हे मॉडेल विक्रीनंतरही चालू राहिलं. नंतर टेक-५ आला, २०२२ मध्ये ट्रायगॉन-६ आणि ओबरहाइम या जुन्या सिंथेसायझर ब्रँडच्या नावाने ओबी-एक्स८ आला. उद्या काय होईल ते उद्या. पण १९८७ शी तुलना जुळत नाही, कारण या वेळी विकली गेली ती चालती कंपनी होती.

आता तो बऱ्यापैकी खरा मुद्दा: नाव. यामाहाने सिक्वेन्शियल हे नाव सत्तावीसेक वर्षं जवळ ठेवलं आणि त्या नावाने एकही वाद्य बाजारात टिकवून दाखवलं नाही. २००२ मध्ये स्मिथ यांनी पुन्हा धंदा उभारला तो डेव्ह स्मिथ इन्स्ट्रुमेंट्स म्हणून. कीबोर्डमागचं पाच पिनांचं जे मिडी भोक जगभर सगळ्यांच्या ओळखीचं झालं, त्यातून वाद्यांना एकमेकांशी बोलू देणाऱ्या मिडी या पद्धतीचा पाया ठरलेला प्रस्ताव १९८१ मध्ये याच माणसाने मांडला होता, आणि त्याला स्वतःच्या कंपनीचं नाव वापरायची मुभा नव्हती. याबद्दल यामाहाला खुशाल बोल लावा. मात्र पुढची गोष्टही सांगा: रोलँड या जपानी वाद्यकंपनीचे संस्थापक इकुतारो काकेहाशी, म्हणजे दोघांचेही स्पर्धक, यांनी यामाहाच्या अध्यक्षांकडे शब्द टाकला, यामाहाने नाव परत केलं, आणि २०१५ च्या जानेवारीत आलेल्या प्रॉफेट-६ च्या पॅनेलवर पुन्हा सिक्वेन्शियल छापलं गेलं.