आपली किंमत आपल्या तोंडून

२०११ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या सेंट लुईसमध्ये आम्हा भारतीय घरांतून १९ तारखेची वाट पाहिली जात होती, कारण त्या दिवशी ढाक्यात क्रिकेटचा विश्वचषक सुरू होणार होता आणि सामने पाहण्यासाठी अपरात्री उठावे लागणार होते. बाकीच्या शहराचे डोळे मात्र १६ तारखेकडे लागले होते. शहराच्या कार्डिनल्स या बेसबॉल संघाचा अल्बर्ट पूहोल्स, तीन वेळा लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला आणि त्या काळातील बहुधा सर्वश्रेष्ठ फलंदाज, याने जाहीर करून टाकले होते की फ्लोरिडात ज्युपिटरला स्प्रिंग ट्रेनिंग (हंगामाआधीचा सराव) सुरू होण्यापूर्वी, म्हणजे १६ तारखेच्या दुपारपर्यंत, नवा करार झाला तर ठीक, नाहीतर हंगाम संपेपर्यंत या विषयावर बोलणी होणार नाहीत. ती दुपार उलटली आणि करार झाला नाही. दुसऱ्या दिवशी तो सरावाला हजर झाला, पत्रकारांच्या प्रश्नांना उत्तरे दिली आणि कामाला लागला.

त्या आठवड्यात मी मुंबईला दादाशी फोनवर बोललो, तेव्हा त्याचे म्हणणे सरळ होते. ज्याला आधीच सात वर्षांचे दहा कोटी डॉलर मिळाले, त्याने आणखी मागावे आणि तेही चारचौघांत, तारीख देऊन, हे त्याला हावरटपणाचे वाटले. आपल्याकडे असे चालत नाही, असे तो म्हणाला. मला तेव्हा नीट उत्तर देता आले नाही. त्यानंतरच्या वर्षांत आयपीएलचा प्रत्येक लिलाव झाला की आमच्यात हाच वाद नव्याने होतो, म्हणून माझे म्हणणे एकदा सविस्तर मांडतो.

आपल्याकडे काय चालते ते आधी पाहू. पूहोल्सची मुदत संपण्याच्या सुमारे पाच आठवडे आधी, ८ आणि ९ जानेवारीला, बंगळुरूमध्ये आयपीएलचा लिलाव झाला होता. गौतम गंभीरला कोलकात्याने २४ लाख डॉलरना घेतले आणि त्याच कोलकात्याचा सौरव गांगुली, ज्याने भारतीय संघाला परदेशात जिंकायला शिकवले, तो कोणीही न घेतल्यामुळे यादीत तसाच राहिला. हे सारे दूरचित्रवाणीवर दाखवले गेले आणि आपण ते घरोघरी पाहिले. म्हणजे पैशाची चर्चा चारचौघांत होण्याला आपला विरोध नाही. फक्त ती चर्चा खेळाडूने स्वतः करू नये, एवढीच आपली अट आहे.

त्याच लिलावात कोचीच्या संघाने रवींद्र जडेजाला साडेनऊ लाख डॉलरना घेतले. आदल्या वर्षी, २०१० मध्ये, तो आयपीएलमध्ये दिसलाच नव्हता, कारण राजस्थानशी नव्या करारावर सही न करता त्याने दुसऱ्या संघाशी परस्पर बोलणी केली, या कारणावरून त्याला पूर्ण हंगामासाठी बाहेर ठेवले गेले होते. वय अवघे एकवीस. नियम मोडला हे खरे, पण तो नियम काय होता, याचा विचार आपल्याकडे फारसा कोणी केला नाही. आपल्या कामाची किंमत आपण होऊन विचारायची नाही, असा तो नियम होता.

सेंट लुईसला हा प्रश्न नवा नाही, आणि म्हणूनच मला तो इथे राहून कळला. याच कार्डिनल्सचा कर्ट फ्लड नावाचा खेळाडू होता. १९६९ च्या ऑक्टोबरमध्ये संघाने त्याला न विचारता फिलाडेल्फियाला देऊन टाकले. त्याचा पगार वर्षाला ९० हजार डॉलर होता, म्हणजे त्या काळी उत्तम. तरीही त्याने जायला नकार दिला आणि २४ डिसेंबरला बेसबॉलच्या आयुक्तांना पत्र लिहिले की मी खरेदी-विक्रीची वस्तू नाही. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, १९७२ मध्ये तो पाच विरुद्ध तीन अशा मतांनी हरला आणि त्याची कारकीर्द या लढाईतच संपली. पण खेळाडूंची संघटना मागे हटली नाही. तिचे नेतृत्व पोलाद कामगारांच्या संघटनेतून आलेले मार्विन मिलर करत होते. १९७५ च्या अखेरीस लवादाने निकाल दिला आणि खेळाडूला जन्मभर एका मालकाशी बांधून ठेवणारी तरतूद मोडली. पूहोल्सला तारीख देता आली ती या सगळ्यामुळे.

आमचे वडील लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. मागणीपत्र, वाटाघाटी, करार हे शब्द दादाने आणि मी शाळेत जाण्यापूर्वी ऐकले आहेत. १९८२ च्या संपात घराचे काय झाले ते इथे सांगत नाही, पण मागणे म्हणजे हाव, असे त्या घरात कधी कोणी म्हटले नाही. म्हणून दादाच्या तोंडून तो शब्द ऐकला की मला आजही वाईट वाटते. रक्कम मोठी झाली म्हणून मागण्याचा हक्क लहान होत नाही.

दादाच्या बाजूनेही बोलण्यासारखे बरेच आहे, ते मी नाकारत नाही. कार्डिनल्सच्या मैदानाबाहेर संघाचे जुने महान खेळाडू स्टॅन म्यूझियल यांचा पुतळा आहे. एक हंगाम वाईट गेल्यावर त्यांनी स्वतः होऊन १९६० चा पगार एक लाखावरून ८० हजार डॉलरवर आणायला सांगितले होते. पूहोल्सच्या मुदतीच्या आदल्याच दिवशी, १५ फेब्रुवारीला, व्हाइट हाउसमध्ये त्यांना राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते सन्मानपदक मिळाले, आणि शहराने दोघांची तुलना केली नसती तरच नवल. शिवाय मोठी रक्कम मागण्यासाठी पूहोल्सवर खेळाडूंच्या संघटनेचा दबाव आहे, असे संघाचे व्यवस्थापक टोनी ला रूसा यांनी उघडपणे म्हटले. संघटनेने ते नाकारले. अमेरिकेतला खेळाडूही पहिली काही वर्षे आपला संघ निवडू शकत नाही, पूहोल्सलाही १९९९ मध्ये नव्या खेळाडूंच्या निवडीच्या तेराव्या फेरीत कार्डिनल्सनीच उचलले होते. आणि आपल्या लिलावाने छोट्या गावांतल्या कितीतरी मुलांच्या घरांवर पक्के छप्पर आणले, हे मी आनंदाने मान्य करतो.

त्या वर्षी पूहोल्सने वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे अंतिम मालिकेच्या, तिसऱ्या सामन्यात तीन होम रन (आपल्या षटकारासारखे फटके) मारले, संघ अजिंक्य ठरला, आणि डिसेंबरमध्ये तो दहा वर्षांच्या, सुमारे २४ कोटी डॉलरच्या करारावर कॅलिफोर्नियातल्या एंजल्सकडे गेला. माझ्या मुलाकडे पाठीवर ५ आकडा असलेला लाल सदरा होता. तो त्याने स्वतः घडी घालून कपाटाच्या सर्वांत खालच्या कप्प्यात ठेवला आणि साडेसात वर्षे बाहेर काढला नाही. २०१९ च्या जूनमध्ये पूहोल्स पाहुण्या संघाकडून इथे खेळायला आला, तेव्हा अख्खे मैदान उभे राहिले आणि टाळ्या थांबेनात; त्याचा जुना सोबती यादिएर मोलिना याने पुढे येऊन त्याला मिठी मारली. सदरा तोवर मुलाला लहान झाला होता, तरी त्याने तो खांद्यावर टाकून नेला होता. उघडपणे मागणी करून निघून गेलेल्या माणसाला या शहराने बेइमान ठरवले नाही. २०२२ मध्ये तो शेवटच्या हंगामासाठी परतला आणि ७०३ होम रनवर थांबला.

आपल्याकडे २०२४ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या श्रेयस अय्यरला मंडळाच्या वार्षिक करारातून वगळले गेले. दोनच आठवड्यांनी त्याने वानखेडेवर विदर्भाविरुद्ध रणजीच्या अंतिम सामन्यात ९५ धावा केल्या. शिस्त की शिक्षा यावर खूप चर्चा झाली, पण त्याच्या बाजूने मंडळासमोर बसून बोलणारी, खेळत्या खेळाडूंची संघटना आपल्याकडे नव्हती. २०१९ मध्ये झालेली संघटना निवृत्तांची आहे. तिचे दार खेळत्या खेळाडूंसाठी उघडावे, आणि लिलावात बोली लागल्यावर त्या संघाला नकार देण्याची मुभा, त्यासाठी शिक्षा न होता, खेळाडूला असावी, एवढे माझे मागणे आहे.

दादाचा नातू आता कांगा लीगमध्ये खेळतो. मागच्या महिन्यात त्याने मला फोनवर विचारले, “आजोबा, तिकडे रक्कम आधी कोण सांगतं?” मी त्याला कर्ट फ्लडपासून सांगायला सुरुवात केली. दादा शेजारीच बसून ऐकत होता.