फायनल किती, ते कागदावर लिहून द्या

गाडी घेऊन आता महिना होत आला, राग जरा निवळलाय, आता नीट लिहिता येईल असं वाटतंय म्हणून लिहितेय. पोस्ट मोठी आहे. पण ज्यांना येत्या काही महिन्यांत नवी गाडी घ्यायचीय त्यांनी प्लीज शेवटपर्यंत वाचा, कारण यातलं निम्मं जरी मला कोणी आधी सांगितलं असतं तर माझे तीन शनिवार आणि केवढातरी मनस्ताप वाचला असता.

गाडी माझी. पैसे माझे, लोन माझ्या नावावर, चालवणार मीच. दादाला सोबत नेलं ते फक्त एकटीने जायचा कंटाळा आला म्हणून, त्याला गाडी चालवता येत नाही, लायसन्सही नाहीये त्याच्याकडे. पण शोरूममध्ये शिरल्यापासून सेल्समन बोलतोय दादाशी. मी विचारलं डिकीत किती सामान बसेल, उत्तर दादाकडे बघून. मी विचारलं ऑटोमॅटिकमध्ये टॉर्क कन्व्हर्टर आहे की एएमटी (ऑटोमॅटिक गिअरचे हे दोन प्रकार), तर दादाला म्हणतो, "सर, मॅडमना चालवायला एकदम सोप्पी जाईल." माझ्या प्रश्नाचं उत्तर मला मिळालंच नाही. टेस्ट ड्राइव्हची किल्ली त्याने दादाच्या हातात दिली, दादाने ती तशीच माझ्या हातात ठेवली, आणि तरीही मी स्टिअरिंगवर, दादा मागे, आणि हा माझ्या शेजारी बसून सगळा वेळ मान मागे वळवून दादाला मायलेज सांगत होता.

कोणी म्हणेल तुला उगाच वाटतंय. नाही वाटत. अमेरिकेत शिकागो भागात इयन आयर्स आणि पीटर सीगलमन या दोघा अभ्यासकांनी नेमकं हेच तपासलं होतं, दोन-दोन माणसांच्या जोड्या केल्या, जोडीतले दोघं एकाच शोरूममध्ये वेगवेगळे पाठवले, सगळ्यांना घासाघीस करायची पद्धत एकच शिकवलेली, बोलायचं काय तेही ठरलेलं, आणि अशा तीनशेहून जास्त जोड्यांच्या भेटींनंतर दिसलं की गोऱ्या पुरुषांना सांगितलेला भाव बायकांना आणि कृष्णवर्णीयांना सांगितलेल्या भावापेक्षा कमी होता. १९९५ साली छापून आलंय ते. म्हणजे विषय नुसता मानापमानाचा नाहीये, खिशाचाही आहे. तुमच्याशी न बोलणारा माणूस तुम्हाला भावही नीट सांगत नाही.

असो. गाडी आवडली होती, खोटं कशाला बोलू. मग टेबलवर बसलो आणि मी एकच प्रश्न विचारला, सगळं धरून फायनल किती? टॅक्स, रजिस्ट्रेशन, इन्शुरन्स, तुमचे जे काय चार्जेस असतील ते, सगळं. मला एक आकडा लिहून द्या.

हा एक आकडा मला पुढचे पंधरा दिवस मिळाला नाही.

त्याने काय केलं, एका पॅम्फ्लेटची मागची कोरी बाजू घेतली, पेनाने चार चौकोन काढले, एकात गाडीची किंमत, एकात डाऊन पेमेंट, एकात माझ्या जुन्या गाडीचे पैसे, एकात महिन्याचा हप्ता. मी किमतीच्या चौकोनावर बोट ठेवलं की तो जुन्या गाडीच्या चौकोनावर गोल करायचा. तिथलं बोलायला लागले की हप्त्याकडे न्यायचा. एका चौकोनात काही वाढवून दिलं की दुसऱ्या चौकोनात ते गुपचूप परत यायचं. अर्ध्या तासात त्या कागदावर इतकी खोडाखोड झाली की कुठला आकडा जिवंत आहे आणि कुठला मेला तेच कळेना. मी म्हटलं या कागदाचा फोटो काढू का, तर म्हणाला, "मॅडम हे रफ आहे," आणि कागद घडी करून खिशात टाकला. मला तिथेच उठायला हवं होतं. नंतर वाचलं तर ही चार चौकोनांची युक्ती या धंद्यात जुनी आहे, तिला फोर स्क्वेअर म्हणतात, आणि ती शिकवली जाते.

आणि तो प्रश्न, "महिन्याला किती झेपेल?" याचं उत्तर कधीच देऊ नका. हात जोडून सांगते. तुम्ही आकडा सांगितला की ते हप्ता त्याच्यात बसवतात आणि मुदत वाढवतात. मी घरी येऊन गणित केलं. ९ टक्के व्याजाने पाच वर्षांचं कर्ज घेतलं तर शंभर रुपयांमागे साधारण साडेचोवीस रुपये व्याज जातं, तेच सात वर्षांवर नेलं की पस्तीस. हप्ता छोटा दिसतो म्हणून आपण खूश. आणि व्याजदर सांगताना तो फ्लॅट आहे की रिड्युसिंग (म्हणजे फेडून उरलेल्या रकमेवरच व्याज) हे विचारल्याशिवाय सांगत नाहीत, मला आधी ७ टक्के सांगितला होता, मी खोदून विचारल्यावर कळलं फ्लॅट आहे, म्हणजे तुम्ही फेडत गेलात तरी व्याज सुरुवातीच्या पूर्ण रकमेवरच. पाच वर्षांसाठी फ्लॅट ७ म्हणजे खरा दर साडेबारा टक्क्यांच्या आसपास जातो. हे ज्याला माहीत नाही तो माणूस ७ टक्के ऐकून घरी जाऊन सांगणार, स्वस्तात लोन मिळालं. माझे वडील असते तर त्यांनी विश्वास ठेवला असता. याचा राग मला सगळ्यात जास्त येतो.

तरी टोकन दिलं मी. तोंडी एक आकडा ठरला होता आणि तो मला पटला होता. दोन दिवसांनी फोन. "मॅडम, मॅनेजर सरांनी तो डिस्काउंट अप्रूव्ह नाही केला." मी म्हटलं मग तुम्ही कबूल कसा केलात? तर म्हणे मी माझ्या बाजूने पूर्ण प्रयत्न केला. आणि बघा, मी त्याच क्षणी कॅन्सल करायला हवं होतं पण नाही केलं, कारण दोन दिवसांत मी घरी सगळ्यांना सांगून झालं होतं, रंग ठरला होता, पार्किंगमधली जुनी सायकल हलवून जागा करून झाली होती. मनाने गाडी घेऊन झाली होती. आधी कमी भाव कबूल करून हो म्हणवून घ्यायचं आणि मग भाव वाढवायचा, याला लो-बॉल म्हणतात. रॉबर्ट चाल्डिनी नावाच्या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९७८ साली याच्यावर प्रयोग केले, विद्यार्थ्यांना एका प्रयोगाला याल का विचारलं, हो म्हटल्यावर सांगितलं सकाळी सातला यायचंय, आणि ज्यांना वेळ आधीच सांगितली होती त्यांच्यापेक्षा यांच्यातले जास्त जण तयार झाले. एकदा हो म्हटलं की माणूस आपल्या होला धरून बसतो. ही पद्धत गाडी विकणाऱ्यांकडे आधीपासून होतीच, म्हणूनच अभ्यासायला घेतली. जी गोष्ट चाळीसपन्नास वर्षांपूर्वी लिहून ठेवलीय ती माझ्यावर जशीच्या तशी वापरली गेली आणि मला कळलंही नाही.

मग दुसरा शनिवार. त्या दिवशी साडेचार तास बसवून ठेवलं आम्हाला. सेल्समन उठून मॅनेजरकडे जातो, काचेच्या केबिनमध्ये दोघं बोलताना दिसतात, वीस मिनिटांनी येतो आणि चार पैसे इकडचे तिकडे करून परत जातो. दरम्यान ॲक्सेसरीज पॅकेज निघालं, मॅट्स, सीट कव्हर, मड फ्लॅप आणि दाराला लावायची क्रोमची पट्टी. मी म्हटलं नको. तर म्हणे कंपल्सरी आहे, गाडीला आधीच बसवून येतं. अंडरबॉडी कोटिंग, तेही आधीच मारलेलं. एक्स्टेंडेड वॉरंटी कोटेशनमध्ये टिक करून टाकलेली. इन्शुरन्स बाहेरून घेते म्हटलं तर चेहराच पडला, "मग क्लेमच्या वेळी प्रॉब्लेम येईल हां." आणि एक ओळ होती हँडलिंग चार्ज. मी विचारलं हे कशाचे? म्हणाला गाडी आमच्या स्टॉकयार्डमधून इथे आणायचे. म्हणजे तुमचा माल तुमच्याच एका जागेवरून तुमच्याच दुसऱ्या जागी आणायचे पैसे माझ्याकडून? यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं, पण ओळ तशीच राहिली.

साडेचार तासांनी डोकं चालत नाही हो. शेवटी दादा म्हणाला जाऊ दे ना, करून टाक सही. त्यालाही कंटाळा आला होता. मला आता पक्कं वाटतं की तो उशीर मुद्दाम असतो. तुम्ही थकावं, तुमची भूक, तुमचं घरी जायचं, सगळं त्यांच्या बाजूने काम करतं.

सही मी केली नाही ती एका कारणामुळे. गाडी आधी बघायचीय म्हणून हट्ट धरला, पुढच्या शनिवारी स्टॉकयार्डला गेले. गाडी चकाचक, सीटवर प्लॅस्टिक. मी खाली बसून मोबाइलच्या टॉर्चने टायर बघायला लागले. टायरच्या कडेला बारीक अक्षरांत कोड असतो, त्याच्या शेवटी चार आकडे, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. माझ्या गाडीच्या टायरवर ३८२४. म्हणजे २०२४ चा अडतिसावा आठवडा, दहा महिने आधीचा टायर, आणि मला सांगितलं होतं गाडी मागच्याच महिन्यात फॅक्टरीतून निघालीय. टायर जुना म्हणजे गाडी जुनी असं लगेच म्हणता येत नाही, म्हणून चेसिस नंबर मागितला आणि उत्पादनाचा महिना लेखी द्या म्हटलं. एकदम सगळे गडबडले. शेवटी निघालं की गाडी नऊ महिने यार्डात उन्हापावसात उभी होती. ब्रेकच्या डिस्कवर गंज, तो मी त्यानंतर पाहिला.

यामागचं कारणही समजून घ्या. डीलर बहुतेक वेळा यार्डातल्या गाड्या कर्ज काढून घेतो, गाडी जितके दिवस उभी तितकं त्याला व्याज. म्हणून जुना स्टॉक आधी खपवायचा असतो. ठीक आहे ना, मग सरळ सांगा की गाडी नऊ महिन्यांची आहे, त्या हिशोबाने किंमत कमी करा, मी कदाचित घेतलीही असती! लपवलं याचं दुःख आहे.

बुकिंग कॅन्सल केलं. टोकन परत यायला अठरा दिवस आणि अकरा फोन लागले.

गाडी मी शेवटी दुसऱ्या डीलरकडून घेतली, मॉडेल तेच. तिथे एक वयस्कर गृहस्थ होते, त्यांनी पहिल्याच दिवशी लेटरहेडवर एकेक ओळ लिहून दिली, खाली टोटल, तारीख, सही आणि हा भाव किती दिवस चालेल तेही. जे ऑप्शनल त्याच्यापुढे ऑप्शनल लिहिलेलं. पंचवीस मिनिटं लागली असतील. म्हणजे हे होऊ शकतं. अमेरिकेत १९५८ मध्ये माइक मोनरोनी नावाच्या सिनेटरने कायदाच करून घेतला, प्रत्येक नव्या गाडीच्या काचेवर कंपनीने सुचवलेली किंमत, जोडलेल्या वस्तूंच्या किमती, वाहतुकीचा खर्च, सगळं छापून चिकटवायचं, आणि ते स्टिकर आजही त्याच्याच नावाने ओळखतात. डीलर तिथेही वरून पैसे लावतात, पण निदान वर किती लावले हे तरी दिसतं माणसाला. मला तेवढंच हवं होतं.

त्या पहिल्या सेल्समनचा मध्ये फोन आला होता. पोरगेलाच आहे तो, चोवीस-पंचवीसचा. म्हणाला, "मॅडम, कंपनीतून फीडबॅकचा कॉल येईल, प्लीज दहापैकी दहा द्या, नाहीतर माझा इन्सेन्टिव्ह कापतात." पहिल्यांदाच तो माझ्याशी बोलत होता, दादाशी नाही. दिवसभर उभं राहायचं, टार्गेट, वरून मॅनेजरचं बोलणं, हे सगळं मला दिसलं होतं त्या काचेतून. मी म्हटलं दहा देणार नाही, जे झालं ते सांगेन.

कॉल आला. मी तीन दिले, आणि चौकोनांच्या कागदापासून टायरच्या आकड्यांपर्यंत सगळं सांगितलं, पलीकडची बाई शांतपणे टाइप करत होती. मग तिने विचारलं, तुम्हाला अटेंड कोणी केलं, नाव सांगाल का? मी मॅनेजरचं नाव सांगितलं.